कागदावर ग्लुकोज मोजायला शिका: पहिली सूक्ष्मप्रवाही पट्टी

मायक्रोफ्लुइडिक्स, म्हणजे अगदी बारीक वाटांमधून द्रव खेळवण्याचं तंत्र, म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे पारदर्शक चिप, तिच्यातल्या केसाएवढ्या नळ्या आणि शेजारी ठेवलेला महागडा सिरिंज पंप येतो. तशी उपकरणं आहेतच आणि ती उत्तम काम करतात. तरी नवख्याने सुरुवात तिथून करू नये, कागदापासून करावी, असं माझं ठाम मत आहे. कागदाला पंप लागत नाही, तंतूंमधल्या फटीच द्रव ओढून नेतात. कागद स्वस्त असतो, त्यामुळे शंभर पट्ट्या वाया गेल्या तरी हात आखडत नाही. आणि जैविक संवेदक म्हणजे काय, त्यात चूक कुठे शिरते, हे सगळं कागदावर तितकंच खरं असतं जितकं लाखो रुपयांच्या चिपवर.

कल्पना जुनी आहे. १९४९ साली म्युलर आणि क्लेग यांनी गाळणकागदावर पॅराफिनच्या भिंती घालून द्रवाला ठरावीक वाटेने जायला लावलं होतं. पुढे २००७ मध्ये हार्वर्डमध्ये जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने, आंद्रेस मार्टिनेझ आणि सहकाऱ्यांनी, कागदावर जलरोधक भिंती उभारून एकाच थेंबातून ग्लुकोज आणि प्रथिनं दोन्ही तपासून दाखवली. २००९ मध्ये त्याच गटाने भिंती मेणाच्या प्रिंटरने छापायची पद्धत मांडली. त्यानंतर हे काम साध्या प्रयोगशाळांच्या आवाक्यात आलं.

आपण इथे तशीच ग्लुकोजची पट्टी करणार आहोत. बीएस्सी, एमएस्सी किंवा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत करता येईल, अशी. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो: ही पट्टी शिकण्यासाठी आहे. घरातल्या कुणाची साखर यावर बघून औषध ठरवायचं नाही. त्यासाठी ग्लुकोमीटर आणि डॉक्टर आहेत.

आधी रसायन समजून घ्या

ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम हवेतला, म्हणजे द्रावणात विरघळलेला, ऑक्सिजन वापरून ग्लुकोजचं ग्लुकोनिक आम्ल करतं. त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. दुसरं एन्झाइम, हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेज, ते पेरॉक्साइड घेऊन पोटॅशियम आयोडाइडमधल्या आयोडाइडचं आयोडीन करतं. आयोडीन पिवळट-तपकिरी दिसतं. जितकं ग्लुकोज जास्त, तितका डाग गडद.

ही साखळी नीट लक्षात ठेवा, कारण पुढचे सगळे घोटाळे तिच्या कड्यांवरच होतात. ऑक्सिजन कमी पडला तर रंग कमी. नमुन्यात पेरॉक्साइड किंवा आयोडीन खाऊन टाकणारं काही असेल तर रंग कमी. नमुन्यात आयोडाइडचं थेट आयोडीन करणारं काही असेल तर ग्लुकोज नसतानाही रंग. नुसता रंग बघून यातलं काहीच कळत नाही. म्हणून पट्टीला एक नव्हे, तीन हात द्यायचे.

मधे नमुन्याचा थेंब टाकायचं वर्तुळ, आणि तिथून निघणाऱ्या तीन वाटा. प्रत्येक वाटेच्या टोकाला एक छोटं वर्तुळ. पहिल्या वर्तुळात आयोडाइड आणि दोन्ही एन्झाइम: ही खरी चाचणी. दुसऱ्यात फक्त आयोडाइड, एन्झाइम नाही: हे पांढरंच राहायला हवं. तिसऱ्यात पहिल्यासारखंच सगळं, शिवाय त्या हाताच्या वाटेत आधीच वाळवून ठेवलेलं थोडं ग्लुकोज: इथे रंग यायलाच हवा. दुसरा रंगला किंवा तिसरा रंगला नाही, तर पहिल्याचं वाचन बाद. बऱ्याच नवख्यांच्या आराखड्यात ही दोन नियंत्रणं नसतात. माझ्या मते ती नसतील तर पट्टी करण्याचे श्रम घेऊच नयेत.

सामान

व्हॉटमन क्रमांक १ चा क्रोमॅटोग्राफी कागद किंवा त्याच क्रमांकाचा गाळणकागद. त्याची जाडी सुमारे ०.१८ मिलिमीटर असते. साधा, बिननावाचा फिल्टर पेपर घेऊ नका. त्याची जाडी जागोजागी बदलते आणि मग फरक ग्लुकोजमुळे आला की कागदामुळे, हे सांगता येत नाही.

मेणाचे खडू. तेलकट पेस्टल नकोत, साधे वॅक्स क्रेयॉन हवेत, शक्यतो काळे किंवा निळे, म्हणजे भिंत नीट दिसते. तापमान दाखवणारी हॉट प्लेट. मायक्रोपिपेट, निदान ०.५ ते १० आणि १० ते १०० मायक्रोलिटरचे दोन. खाण्याचा रंग. ग्लुकोज ऑक्सिडेज, पेरॉक्सिडेज, पोटॅशियम आयोडाइड, ट्रेहॅलोज, फॉस्फेट बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण), शुद्ध निर्जल ग्लुकोज. हातमोजे सतत घालायचे, कारण बोटांचा तेलकटपणा कागदात शिरला की तिथे द्रव अडखळतो.

मेणाच्या प्रिंटरबद्दल थोडं. झेरॉक्सचे घन शाईचे फेजर आणि कलरक्यूब हे प्रिंटर या क्षेत्रात वर्षानुवर्षं वापरले गेले, पण त्यांचं उत्पादन आता थांबलं आहे. एखाद्या संशोधनसंस्थेत चालू स्थितीत असेल तर विनंती करून पानभर पट्ट्या छापून घ्या, एका ए-चार पानावर भरपूर मावतात. नसेल तर खडू आणि स्टेन्सिल पुरेसं आहे.

एन्झाइम वेगळे विकत घेणं परवडत नसेल तर दुसरा मार्ग आहे. पॅथॉलॉजी लॅबमध्ये रोज वापरलं जाणारं जीओडी-पीओडी (ग्लुकोज ऑक्सिडेज-पेरॉक्सिडेज) किट. त्यात दोन्ही एन्झाइम आधीच मिसळलेली असतात, आयोडाइडऐवजी फिनॉल आणि ४-अमिनोअँटिपायरिन असतं, आणि रंग गुलाबी येतो. सोबत ग्लुकोजचं प्रमाणित द्रावणही मिळतं. मात्र ते किट क्युव्हेटसाठी, म्हणजे प्रकाशमापकात ठेवायच्या छोट्या चौकोनी नळीसाठी, बनवलेलं आहे. क्युव्हेटमध्ये प्रकाश १० मिलिमीटर रंगीत द्रावातून जातो, कागदात त्याची वाट कागदाच्या जाडीएवढी, म्हणजे ०.१८ मिलिमीटरच्या आसपास. साधारण पन्नासपट कमी. त्यामुळे लॅबमध्ये झकास गुलाबी दिसणारं अभिकर्मक (अभिक्रिया घडवणारं रसायन) कागदावर जेमतेम लाजल्यासारखं दिसतं. ते दोन-तीनदा टाकून प्रत्येक वेळी वाळवावं लागतं. पहिल्या सरावाला किट चालेल, पुढे मात्र स्वतःची, तीव्र द्रावणं करा.

आराखडा: आकडे आधी, रेघा नंतर

मधलं वर्तुळ ८ मिलिमीटर व्यासाचं. प्रत्येक वाट ३ मिलिमीटर रुंद, १० मिलिमीटर लांब. टोकाचं वर्तुळ ६ मिलिमीटरचं. ही मापं मेण वितळून पसरल्यानंतरची आहेत. कागदावर काढताना थोडं मोठं काढायचं, कारण मेण गरम झालं की खाली जातं तसं बाजूलाही पसरतं. प्रिंटरने ०.३ मिलिमीटरची रेघ काढून ती वितळवली की भिंत साधारण ०.८५ मिलिमीटर होते. म्हणजे प्रत्येक बाजूने पाव मिलिमीटरपेक्षा जरा जास्त आत येते, आणि वाट एकूण अर्ध्या मिलिमीटरहून थोडी अधिक अरुंद होते. खडूने याहून जास्त पसरतं. तुमच्या खडूचं पसरणं एकदा मोजून वहीत लिहा आणि तेवढं आराखड्यात धरा.

आता किती द्रव लागेल ते काढू. ६ मिलिमीटरच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ २८ चौरस मिलिमीटर. जाडी ०.१८ ने गुणलं की सुमारे ५ घन मिलिमीटर. कागदाचा साधारण ७० टक्के भाग मोकळी जागा धरली तर तिथे ३.५ मायक्रोलिटर मावतात. याच हिशेबाने वाटेत सुमारे ३.८ आणि मधल्या वर्तुळात ६.३. म्हणजे एक हात ७.३ मायक्रोलिटर, तीन हात आणि मध्य मिळून २८ च्या घरात. म्हणून नमुना ३० मायक्रोलिटर टाकायचा. २० टाकलेत तर एखादं वर्तुळ अर्धवट ओलं राहील, ५० टाकलेत तर द्रव भिंतीवर चढून वाहील. स्वतः आराखडा बदललात की हा हिशेब पुन्हा करा, दोन मिनिटांचं काम आहे.

वाटेची लांबी वाढवायचा मोह होतो. कागदात द्रवाने कापलेलं अंतर वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं. लुकास आणि वॉशबर्न यांनी शंभर वर्षांपूर्वी मांडलेला नियम आहे हा. दुप्पट अंतराला चौपट वेळ, आणि तेवढ्या वेळात उघड्या कागदावरून बाष्पीभवनही चालूच. नागपूरच्या मे महिन्यात पंख्याखाली ४ सेंटिमीटरची वाट घेतलीत तर द्रव टोकाला पोचता पोचता दाट झालेला असेल. १० मिलिमीटर पुष्कळ झालं.

कागदाची एक खोड इथेच सांगून ठेवतो. यंत्रावर कागद बनताना तंतू एका दिशेला जास्त झुकतात, आणि त्या दिशेने द्रव जरा जोरात धावतो. कोऱ्या कागदावर रंगीत पाण्याचा एक थेंब टाका: डाग गोल न येता किंचित लांबट आला तर लांबट बाजू ती दिशा. पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बाण काढून ठेवा आणि सगळ्या पट्ट्या एकाच पद्धतीने, पहिला हात त्या बाणाच्या रेषेत ठेवून, कापा. म्हणजे हातांमधला फरक राहिला तरी तो प्रत्येक पट्टीत सारखा राहतो.

भिंती घालणं

जाड प्लॅस्टिकच्या पारदर्शक शीटमधून आराखड्याचं स्टेन्सिल कापा. कागदावर ठेवून कडेने खडू दाबून, एकाच जागी तीन-चारदा फिरवा. कागद उलटा करून खिडकीच्या काचेवर धरा, पलीकडची रेघ दिसते, तिच्यावरून मागच्या बाजूनेही खडू फिरवा. दोन्हीकडून मेण असेल तर भिंत पूर्ण जाडीभर बसते.

हॉट प्लेट १५० अंश सेल्सिअसवर. कागद ठेवून दोन मिनिटं. खडू मऊ असेल तर १२० अंशही पुरतात. खरी खूण घड्याळात नाही, कागदाच्या मागच्या बाजूला आहे: रेघ मागून पुढच्याइतकीच गडद आणि सलग दिसली की काढा. इस्त्री वापरणार असाल तर दाबू नका. दाबामुळे मेण बाजूला धावतं आणि वाट बुजते. वाफ बंद ठेवा.

थंड झाल्यावर गळतीची चाचणी. प्रत्येक पानातल्या दोन पट्ट्या यासाठी राखून ठेवायच्या. मध्यभागी ३० मायक्रोलिटर रंगीत पाणी टाका. तिन्ही वर्तुळं भरायला हवीत आणि भिंतीबाहेर रंगाचा टिपूसही दिसता कामा नये. पट्टी टेबलावर सपाट ठेवू नका. कागद आणि टेबल यांच्या फटीतून द्रव भिंतीखालून पलीकडे जातो आणि मग तुम्ही चांगल्या भिंतीला दोष देत बसता. दोन कडांवर टेकवून पट्टी अधांतरी ठेवा, किंवा मागच्या बाजूला पारदर्शक चिकटपट्टी लावा.

अभिकर्मकं आणि वाळवण

बफर: ०.१ मोलर फॉस्फेट, पीएच ६.०. दोन्ही एन्झाइमना तो मानवतो. पुढे नमुना म्हणून लघवी घेतलीत तर तिचा पीएच साधारण ४.५ ते ८ मध्ये कुठेही असू शकतो, म्हणून बफर अभिकर्मकातच हवा.

आयोडाइड: ०.६ मोलर, म्हणजे १० मिलिलिटरमध्ये १ ग्रॅम. रोज ताजं करा, तपकिरी बाटलीत ठेवा. उजेडात ते आपोआप पिवळं पडतं आणि पिवळं पडलेलं वापरलंत तर कोरी पट्टीसुद्धा ग्लुकोज दाखवते.

एन्झाइमचं मिश्रण: बफरमध्ये ०.३ मोलर ट्रेहॅलोज, म्हणजे द्विजलयुक्त ट्रेहॅलोज १० मिलिलिटरला १.१३ ग्रॅम, आणि त्यात दर मिलिलिटरला ग्लुकोज ऑक्सिडेज १२० युनिट, पेरॉक्सिडेज ३० युनिट. इथून सुरुवात करा, पुढे तुमच्या निकालांप्रमाणे बदला. ट्रेहॅलोज ही अशी शर्करा आहे की पाणी उडून गेल्यावर ती एन्झाइमच्या रेणूंना सावरून धरते, त्यांचा आकार बिघडू देत नाही. ते वगळलंत तर पट्ट्या आज चालतील आणि थोड्याच दिवसांत निपचित पडतील.

पहिल्या आणि तिसऱ्या वर्तुळात ३ मायक्रोलिटर आयोडाइड, सावलीत दहा-पंधरा मिनिटं वाळवण, मग ३ मायक्रोलिटर एन्झाइम, पुन्हा वाळवण. दुसऱ्या वर्तुळात आयोडाइड तसंच, पण एन्झाइमच्या जागी नुसतं ट्रेहॅलोज असलेलं बफर. वाळवायला ड्रायरची गरम हवा नको.

तिसऱ्या हाताच्या वाटेत, वर्तुळापासून थोडं लांब, २५ मिलिमोलर ग्लुकोजचे २ मायक्रोलिटर टाकून वाळवा. त्या हातात एकूण ७.३ मायक्रोलिटर द्रव शिरणार, म्हणजे तिथलं ग्लुकोज सुमारे ७ मिलिमोलर होईल. इतकं कमी मुद्दाम ठेवलं आहे. तिथे भरपूर ग्लुकोज ठेवलं असतं तर नमुन्यात काही अडथळा असूनही ते वर्तुळ रंगलं असतं आणि तुम्हाला खोटा दिलासा मिळाला असता.

ग्लुकोजच्या द्रावणाबद्दल एक बारकावा आहे, तो बऱ्याच प्रात्यक्षिक-वह्यांत नसतो. १०० मिलिमोलर साठा करायला १०० मिलिलिटरमध्ये १.८ ग्रॅम निर्जल ग्लुकोज विरघळवा (डब्यावर मोनोहायड्रेट लिहिलं असेल तर १.९८ ग्रॅम) आणि तो रात्रभर तसाच ठेवा. पावडरीतलं ग्लुकोज बहुतांशी अल्फा रूपात असतं, आणि आपलं एन्झाइम जवळजवळ फक्त बीटा रूपावर काम करतं. पाण्यात दोन्ही रूपांचा समतोल साधायला काही तास जातात. समतोलात बीटा सुमारे ६४ टक्के असतं. सकाळी विरघळवून लगेच मोजलंत तर एक आकडा, संध्याकाळी त्याच बाटलीतून दुसरा. पिपेटला किंवा कागदाला दोष देण्याआधी हे तपासा.

चाचणी आणि छायाचित्र

३० मायक्रोलिटर एका दमात, मध्यभागी, पिपेटचं टोक कागदाला न टेकवता. मिनिटाच्या आत वर्तुळं भरतात. बरोबर दहा मिनिटांनी छायाचित्र. नऊ नाही, बारा नाही. अभिक्रिया थांबलेली नसते आणि आयोडीन हळूहळू उडूनही जातं, त्यामुळे वेळ ढिली सोडली की मोजमापच ढिलं होतं.

रंग वर्तुळभर सारखा न येता कडेला गोळा होताना दिसेल. द्रव टोकाकडे धावताना वाळलेलं अभिकर्मक सोबत वाहून नेतो. काही गट वर्तुळात आधी कायटोसानचा (कोळंबीच्या कवचापासून मिळणाऱ्या पदार्थाचा) पातळ थर देतात, त्याने रंग बराच जागच्या जागी राहतो. सुरुवातीला एवढंच करा: मोजताना पूर्ण वर्तुळ निवडा, फक्त गडद कड नाही.

मोबाईलचा कॅमेरा चालतो. २००८ मध्ये मार्टिनेझ आणि सहकाऱ्यांनी कागदी पट्टीचं मोबाईलवर छायाचित्र काढून दूरच्या तज्ज्ञाकडे पाठवता येतं हे दाखवलं होतं. अडचण अशी की मोबाईल स्वतःहून चित्र 'छान' करतो. म्हणून पुठ्ठ्याचा खोका, आत पांढरा एलईडी दिवा, वर मोबाईलसाठी भोक. फ्लॅश बंद, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स कुलूपबंद. प्रत्येक छायाचित्रात कोरी पट्टी आणि छापील राखाडी चौकोन असायलाच हवेत. कार्यालयातला साधा सपाट स्कॅनर मिळाला तर तो मोबाईलपेक्षा सरस, कारण त्याचा प्रकाश दरवेळी तोच असतो.

इमेजजे हे अमेरिकेच्या एनआयएच या आरोग्य संशोधन संस्थेचं, चित्रं मोजण्याचं मोफत सॉफ्टवेअर घ्या. चित्राचे लाल, हिरवा, निळा असे तीन थर वेगळे करा. आयोडीनचा पिवळट-तपकिरी रंग निळा प्रकाश शोषतो, म्हणून निळ्या थरात फरक सर्वांत मोठा दिसतो. जीओडी-पीओडीचा गुलाबी रंग वापरत असाल तर हिरवा थर. वर्तुळाची सरासरी उजळता घ्या आणि कोऱ्या पट्टीच्या उजळतेतून वजा करा. हा तुमचा संकेत.

रंगाचा आकडा कसा होतो

०, २.५, ५, १०, २० आणि ४० मिलिमोलर अशी द्रावणं करा. ग्लुकोजचा १ मिलिमोलर म्हणजे १८ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. आपल्याकडचे रिपोर्ट मिलिग्रॅममध्ये असतात, त्यामुळे हे गुणोत्तर तोंडपाठ असू द्या. रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या पुढे गेली की मूत्रपिंडं ती पूर्ण परत घेऊ शकत नाहीत आणि ती लघवीत उतरते. १८० म्हणजे बरोबर १० मिलिमोलर.

प्रत्येक तीव्रतेच्या निदान पाच पट्ट्या, आणि क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा. आधी सगळी ०, मग सगळी २.५ असं केलंत तर खोली तापणं, आयोडाइड जुनं होणं, हात सरावणं, सगळं वाढत्या ग्लुकोजच्या खात्यात जमा होतं.

आलेख सुरुवातीला सरळ चढेल आणि पुढे वाकेल. एक कारण एन्झाइम आपल्या कमाल वेगाला पोचतं. दुसरं कारण ऑक्सिजन: पाण्यात तो मिलिमोलरच्या पाव-एक भागाएवढाच विरघळतो, बाकीचा हवेतून यावा लागतो. पातळ, उघडा कागद इथे उपयोगी पडतो, त्याला वरून चिकटपट्टी लावलीत तर आलेख आणखी लवकर वाकेल. वाकलेल्या भागातून आकडे वाचू नका. तिथे ग्लुकोज दुप्पट झालं तरी रंग तेवढाच दिसतो.

शोधमर्यादा, म्हणजे पट्टीला ओळखता येणारी सर्वांत कमी तीव्रता, काढायला शून्य ग्लुकोजच्या पट्ट्या जास्त लागतात, वीस असल्या तर उत्तम. त्यांची सरासरी अधिक प्रमाण विचलनाची तिप्पट, एवढा संकेत देणारी तीव्रता म्हणजे तुमची शोधमर्यादा. सर्वांत सुंदर पट्टीचा फोटो अहवालात लावण्याऐवजी या वीस कोऱ्या पट्ट्यांचे आकडे लावा. मी परीक्षक असेन तर आधी तेच पान उघडेन.

पट्टीला फसवून बघा

हा भाग टाळू नका, मला तो सगळ्यात मोलाचा वाटतो. १० मिलिमोलर ग्लुकोजचे तीन भाग करा. एक तसाच. दुसऱ्यात औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या क जीवनसत्त्वाच्या गोळीचा चुरा. तिसरा, ब्लीच लावून नीट न विसळलेल्या बाटलीत.

क जीवनसत्त्व असलेल्या नमुन्यात पहिलं वर्तुळ फिकं पडेल किंवा पांढरंच राहील, ग्लुकोज पुरेपूर असूनही. अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल तयार झालेलं आयोडीन लगेच परत आयोडाइड करून टाकतं. पण त्याच वेळी तिसरं वर्तुळही पांढरं राहील, आणि तिथे रंग यायलाच हवा होता. ब्लीचच्या बाटलीतल्या नमुन्यात उलट घडेल: हायपोक्लोराइट आयोडाइडवर थेट काम करतं, त्यामुळे एन्झाइम नसलेलं दुसरं वर्तुळ तपकिरी होईल. लघवी तपासायच्या बाजारातल्या पट्ट्यांच्या माहितीपत्रकातही क जीवनसत्त्वाचा इशारा असतो, तो याच कारणाने. दोन्ही वेळी फक्त पहिलं वर्तुळ असतं तर तुम्ही चुकीचा निकाल पूर्ण आत्मविश्वासाने लिहिला असता.

खरे नमुने आणि रक्त

माणसाची लघवी किंवा रक्त, स्वतःचं असलं तरी, संस्थेच्या नैतिकता समितीच्या परवानगीशिवाय वापरू नका. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं एकदा वाचून घ्या. वापरलेल्या पट्ट्या २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे टाकायच्या. पुढे कधी पट्टी विकायचं मनात आलं तर २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम लागू होतात.

रक्त घाईने घेऊ नका. तांबड्या पेशी कागदाच्या फटी अडवतात, आणि हिमोग्लोबिनचा रंग तुमच्या रंगावर बसतो. आधी प्लाझ्मा वेगळा करणारं पटल लागतं.

तरी रक्ताचं हेच अडणं कामाला लावणारी एक चाचणी आहे, आणि महाराष्ट्राने ती जाणून घ्यायलाच हवी, कारण नंदुरबार आणि गडचिरोलीसारख्या भागांत सिकलसेल, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार, हा घरोघरचा प्रश्न आहे. रक्ताचा थेंब पेशी फोडणाऱ्या आणि ऑक्सिजन काढून घेणाऱ्या बफरमध्ये मिसळून क्रोमॅटोग्राफी कागदावर टाकतात. विरघळलेलं साधं हिमोग्लोबिन कागदातून बाहेर पसरतं. सिकल हिमोग्लोबिन मात्र न विरघळता गोळा होतं आणि थेंब पडला तिथेच अडकतं, म्हणून डागाच्या मधोमध गडद लाल ठिपका राहतो. एन्झाइम नाही, भिंती नाहीत, निव्वळ प्रवाह आणि गाळण. शेव्हकोप्ल्यास आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ती मांडली. आपल्याकडे सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सुरू झालं. अशा कामात प्रत्येक गावात पोचणारी चाचणी किती मोलाची, हे वेगळं सांगायला नको.

दुसऱ्या टोकाला गोव्याच्या मोलबायो डायग्नॉस्टिक्सचं ट्रूनॅट आहे. क्षयरोगाच्या जंतूचा डीएनए छोट्याशा चिपवर वाढवून ओळखणारं, बॅटरीवर चालणारं यंत्र. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये त्याची शिफारस केली. तिथे तापमानाचं नियंत्रण, जनुकांची रसायनं, सॉफ्टवेअर सगळं येतं. कागदावर दोन्ही नियंत्रणं पाळायची सवय झालेल्या विद्यार्थ्याला ट्रूनॅटच्या चिपवरही अंतर्गत नियंत्रण का असतं हे समजावून सांगावं लागत नाही.

सिलिकॉन रबराच्या, म्हणजे पीडीएमएसच्या, चिपकडे वळायचं असेल तर ते याच्या नंतर. साचा बनवायला स्वच्छ कक्ष लागतो. आयआयटी मुंबई आणि बंगळुरूची आयआयएससी इथे बाहेरच्या संशोधकांसाठी आयएनयूपी या नॅनोइलेक्ट्रॉनिक्सच्या राष्ट्रीय कार्यक्रमातून अशा सोयी मिळतात. तिथे गेल्यावर पहिली झुंज बुडबुड्यांशी होते, आणि दुसरी मिसळण्याशी. इतक्या अरुंद वाटेत दोन प्रवाह शेजारून जातात पण घुसळत नाहीत, फक्त विसरणाने, म्हणजे रेणू आपोआप पसरत जाऊन, मिसळतात. ग्लुकोजला १०० मायक्रोमीटर अंतर विसरणाने ओलांडायला आठेक सेकंद लागतात, १ सेंटिमीटर ओलांडायला जवळजवळ एक दिवस.

साठवण: पावसाळ्याआधी करायचा प्रयोग

एकाच दिवशी केलेल्या पट्ट्यांचे तीन गट करा. एक टेबलावर उघडा. एक अ‍ॅल्युमिनियमच्या पाकिटात सिलिका जेलसोबत, खोलीच्या तापमानाला. एक तशाच पाकिटात, फ्रिजमध्ये ४ अंशांवर. दर आठवड्याला प्रत्येक गटातल्या पाच पट्ट्यांवर १० मिलिमोलर ग्लुकोज आणि पाचांवर नुसतं बफर टाकून संकेत नोंदवा. उघड्या गटाचं आयोडाइड पिवळं पडताना आणि दमटपणात एन्झाइम मंदावताना आकड्यांत स्पष्ट दिसेल. फ्रिजमधलं पाकीट उघडण्याआधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर थंड कागदावर दव धरतं आणि ३० मायक्रोलिटरचा सगळा हिशेब तिथेच चुकतो. पाकिटावर तारीख, द्रावणांचा क्रमांक आणि कागदाचा बॅच क्रमांक लिहा. पट्ट्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन दाखवल्यात तर तिथली परिचारिका पहिला प्रश्न हाच विचारेल, की या किती दिवस टिकतात आणि फ्रिज नसेल तर काय.